सोयरिकीचं चॉकलेट

नाबोरच्या घरात चॉकलेटला बंदी होती, आणि ती घालणारी त्याची स्वतःची मुलगी होती. एलोडिया गावच्या दवाखान्यात नर्स. तिची आई मधुमेहाने गेली. आधी पाय गेला, मग ती. वर्ष सरायच्या आत बापाच्या रक्तातही साखर निघाली, तेव्हा या पोरीने घरातल्या, उकळून प्यायच्या चॉकलेटच्या सगळ्या वड्या उचलल्या आणि शेजारीपाजारी वाटून टाकल्या. शेजारी फार हळहळले. हळहळत हळहळत त्यांनी त्या रोज सकाळी नाबोरच्या कुंपणापलीकडे उकळल्या आणि दालचिनीचा वास न चुकता त्याच्या अंगणात पाठवला.

वाहाकाच्या खोऱ्यात बाळ जन्मलं की चॉकलेट, माणूस मेला की चॉकलेट, आणि मधल्या आयुष्यात रोज सकाळी पावाबरोबर चॉकलेट. नाबोरला मिळायचा कॅमोमाइलच्या फुलांचा काढा.

"याने काय होतं गं?" तो विचारायचा.

"काही होत नाही, पापा. हाच त्याचा गुण."

नाबोर काही सहजासहजी हार मानणारा नव्हता. धंद्याने विणकर; मागावर गालिचा विणता विणता डोक्यात मुद्दे विणायचा. एकदा वर्तमानपत्राचं कात्रणच घेऊन आला. चॉकलेट हृदयाला चांगलं असतं, असं शास्त्रज्ञ म्हणत होते. नाबोरचा शास्त्रज्ञांवर त्या दिवसापासून फार विश्वास बसला.

"ते कडू चॉकलेटबद्दल लिहिलंय," एलोडिया म्हणाली. "आपल्या वडीत निम्मी साखर असते."

"साखर स्पॅनिश लोकांनी घातली, आपण नाही! आपले पूर्वज मिरची घालून प्यायचे. राजे प्यायचे, पुजारी प्यायचे, लढाईला निघालेले शिपाई प्यायचे."

"मग तुम्हीही तसंच प्या. थांबा, करूनच देते."

तिने खरंच करून दिलं. नाबोरने एक घोट घेतला आणि पूर्वज घर सोडून लढाईला का जायचे, ते त्याला कळलं.

गालिचे विकायला शहरात गेला की त्याचा आणखी जळफळाट व्हायचा. तिथे एका अंगणात परदेशी पाहुणे गोल करून बसायचे आणि डोळे मिटून, छातीवर हात ठेवून कोको प्यायचे. त्याने म्हणे हृदय उघडतं. उघडो बापडं. नाबोरचं हृदय जन्मापासून उघडं होतं, तोंडाला तेवढं कुलूप लागलं होतं.

अशात एलोडियाला मागणी आली. मुलगा रुफिनो, पलीकडच्या गावचा पावभट्टीवाला. साऱ्या पंचक्रोशीतल्या साखरेशी वैर घेतलेल्या या पोरीचा जीव जडला तो गोड पाव भाजणाऱ्यावर! नाबोर यावर नुसता हसायचा, आणि तेवढ्याने ती लालबुंद व्हायची.

मुलगा चांगला होता. पण नाबोरला खरी ओढ लागली होती ती मागणीच्या दिवसाची. मुलाकडचे लोक त्या दिवशी चॉकलेट, अंड्याचे पाव, जिवंत टर्की आणि गुलछडीचे भारे घेऊन येतात. त्यांच्या बायका मुलीच्या घरच्या चुलीवर चॉकलेट करतात आणि पहिला पेला मुलीच्या बापाच्या हातात देतात. तो प्यायला की सोयरीक पक्की. नाही प्यायला, तर पाहुणे टोपल्या उचलतात आणि पुन्हा त्या दारात पाऊल ठेवत नाहीत. म्हणजे त्या एका दिवशी कुठल्याच नर्सची मात्रा चालणार नव्हती. नाबोरने हिशेब करून ठेवला होता: पहिला पेला कर्तव्याचा, दुसरा आग्रहाचा आणि तिसरा विहीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून.

"एकच घोट घ्यायचा," आदल्या दिवशी एलोडियाने बजावलं.

"अगं, लग्न कुणाचं आहे? मी तुझ्यासाठी जिवावर उदार झालोय, आणि तू घोट कसले मोजतेस?"

आत जाऊन ती बराच वेळ भांडी घासत बसली. ती आधीच घासलेली होती. आपण नको ते बोललो, हे नाबोरला कळलं, पण बोललेलं मागे घ्यायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे त्याचं बोट टोचून साखर तपासली. आकडा सांगितला नाही. त्यानेही विचारला नाही.

पाहुणे आले. मुलाच्या बाजूने बोलायला फिलेमोन आजोबांना आणलं होतं, आणि बोलायला मिळालं की आजोबा जगाच्या आरंभापासून सुरू करत. देवांनी माणसाला कोकोचं झाड कसं दिलं, एके काळी नाण्यांऐवजी त्याच्या बियांवर बाजार कसा चालायचा, सगळं झालं. नाबोर मान डोलावत होता. त्याचं नाक मात्र केव्हाच स्वयंपाकघरात जाऊन बसलं होतं. तिथे रुफिनोची आई तिबुर्सिया दोन्ही तळहातांमध्ये रवी फिरवत होती, आणि त्या आवाजावरूनच नाबोरला फेस किती चढलाय ते कळत होतं.

शेवटी पेला आला. फेस काठाच्या वर आला होता. नाबोरने दोन्ही हात पुढे केले.

एलोडिया मध्ये आली आणि तिने पेला घेतला.

"पापा पिणार नाहीत."

अंगणात टर्कीसुद्धा गप्प झाली.

"पोरी," फिलेमोन आजोबा म्हणाले, "काय बोलतेस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय. यांची साखर आज तीनशेच्या वर आहे. आईच्या आजारपणातही असेच पाहुणे होते, आग्रह होता, चारचौघांत कसं अडवायचं म्हणून मी गप्प बसले. आता नाही बसणार. टोपल्या न्यायच्या तर न्या."

रुफिनो पांढराफटक पडला. तिबुर्सियाने ओठ आवळले, शाल खांद्यावर ओढली, आणि तिच्याबरोबरच्या बायका पावावर फडकी घालू लागल्या.

नाबोरचा आधी संतापच झाला. इतका वेळ वाट पाहून पेला नाकापर्यंत आला होता! मग त्याने तिचे हात पाहिले. तिने पेला छातीशी इतका आवळून धरला होता की चॉकलेट तिच्या नव्या झग्यावर सांडत होतं. या पोरीला तो उठताबसता जेलर म्हणायचा. जेलर आपलं लग्न मोडायला निघाली होती, बापाचे पाय शाबूत राहावेत म्हणून. नाबोरला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"आण इकडे," तो म्हणाला.

"पापा, नको..."

"आण म्हणतो ना. लग्न मोडून जन्मभर मला काढा पाजत बसणार? मला झेपायचं नाही ते."

त्याने तिच्या हातून पेला काढला आणि एक घोट घेतला. दालचिनी होती, बदाम होते, साखर तर भरपूर होती. सगळं त्याला आठवत होतं अगदी तसंच होतं. त्याने डोळे मिटले, उघडले आणि पेला खाली ठेवला.

फिलेमोन आजोबांनी घोट की पेला असा काथ्याकूट केला नाही. त्यांना स्वतःचा पेला कधीचा हवा होता. "प्यायले!" त्यांनी जाहीर केलं. फडकी निघाली, रुफिनोच्या जिवात जीव आला, आणि एलोडिया भिंतीला टेकून रडायला लागली.

तिबुर्सिया मात्र पेल्याकडे बघत होती. "एवढंच, व्याही? आवडलं नाही का?"

"विहीणबाई, असं चॉकलेट मी जन्मात प्यायलो नाही."

"मग संपवा की! तुमची नर्स तर आता आमच्या घरी येणार. आता तुम्हाला अडवणार कोण?"

"म्हणूनच तर नको," नाबोर म्हणाला, आणि त्याने पेला स्वतःच्या हाताने पलीकडे सरकवला.