मेढीला बांधलेली सायकल

माघात हिरड्याच्या झाडावरून पडून बहिरूचा गुडघा मोडला. हाड जुळलं, पण पाय काठीसारखा ताठ राहिला. पाय प्लास्टरमध्ये असतानाच चैत्रात त्याची बायको तुळजाबाई तापानं गेली. बहिरू पडवीत बाजेवर पडून होता. घर सारवणं, धुणं, बाहेर टाकायचं ते टाकणं, सगळं बायकांनीच उरकलं.

प्लास्टर निघालं तेव्हा पुण्याचा डॉक्टर म्हणाला, "रोज सायकल चालवा, नाहीतर गुडघा कायमचा असाच राहील."

वाल्मीक, त्याचा मुलगा, खडकीला कारखान्यात होता. तो आपली सायकल घेऊन आला. पाऊस लागला होता, बाहेर चिखल, आणि बहिरूला टांग मारता येत नव्हती. म्हणून वाल्मीकनं सायकल पडवीतच स्टँडवर चढवली. ती कलंडू नये म्हणून सीट सुंभानं पडवी आणि स्वयंपाकघराच्या मधल्या मेढीला, लाकडी खांबाला, आवळून बांधली. चाक जड फिरावं म्हणून मागच्या टायरवर गोणपाटाची पट्टी ताणली.

"बाबा, भाताच्या लावणीला उकिडवं बसून रोपं उपटता आली, तर हितंच ऱ्हावा. न्हाई आली, तर माझ्यासंगं खडकीला चलायचं. एकट्याला हितं कोन बघनार?"

तुळजाचं घर सोडायचं नाही, हे बहिरूचं ठरलेलं होतं. मुलगा गेला आणि त्यानं पायडल मारायला सुरुवात केली.

तेव्हाच तो आवाज सुरू झाला. खिण्ण, किर्र, खिण्ण. हळू फिरवलं तर बारीक, जोरात फिरवलं तर घरभर. थांबलं की बंद.

शेजारची धोंडाबाई पडवीच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "दाजी, मी सांगते. घरात रिकामं चाक फिरवू नये. तुळजाला सोसत न्हाई ते. कन्हतीया ती."

"सायकल कन्हतीया, वैनी."

"मंग तिला काय झालंय?"

बहिरू हसला खरा, पण दुसऱ्या दिवशी पायडलवर पाय ठेवताना त्याला धोंडाबाईचं बोलणं आठवलं. आवाज आला आणि तो उतरला. मग रोजच तसं होऊ लागलं. जरा सैल पडलेला गुडघा पुन्हा धरला. शेतात रोपं हातभर झाली, लावणी तोंडावर आली.

शेवटी त्यानं पौडहून भिकूला बोलावलं. भिकूचं सायकलचं दुकान होतं आणि तोंड दुकानापेक्षा मोठं होतं. त्यानं चेन उतरवली, तेल घातलं, मागच्या चाकातल्या गोळ्या बदलल्या, मडगार्ड ठोकून सरळ केलं. पावसानं उघडीप दिली होती. त्यानं सायकल अंगणात नेली, स्वतः बसून फिरवली. काही आवाज नाही.

"बघ. पानी पिल्यावानी फिरतीया."

पडवीत आणून मेढीला बांधली, बहिरू बसला. खिण्ण, किर्र, खिण्ण.

भिकूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "बहिरू, तुझं गुडघंच वाजत असत्याल. त्याला तेल घालू का?"

"घाल बाबा, तेवढंच ऱ्हायलंय."

"थांब, आधी पानी पितो. तू चालू ठेव."

भिकू आत गेला. स्वयंपाकघरात मेढीला टेकून लाकडी मांडणी होती आणि तिच्यावर तुळजाची उतरंड. खाली पितळी हंडा, त्यावर घागर, कळशी, तपेलं, सगळ्यात वर तांब्या. तांब्या घ्यायला भिकूनं उतरंडीला हात लावला आणि आवाज गप झाला. हात काढला, पुन्हा सुरू. त्यानं दोनतीनदा तसं करून बघितलं.

"अरं ये हिकडं!" तो ओरडला. "तुझी सायकल गपच हाय. भांडी भांडत्यात!"

बहिरू लंगडत आत आला. सायकलचा हादरा मेढीतून मांडणीत येत होता आणि भांड्यावर भांडं घासत होतं.

"सोप्पं हाय," भिकू म्हणाला. "सायकल त्या दुसऱ्या मेढीला बांध. न्हाईतर भांडी खाली घे."

बहिरू उतरंडीकडे बघत राहिला. "पन ही आदी वाजत नव्हती, भिकू. ह्याच मेढीला गाय बांधायचो. ती अंग घासायची, मेढ हालायची. कदी वाजली न्हाई."

संध्याकाळी त्यानं मेव्हणीला, सारजाबाईला, विचारलं. तुळजा गेल्यावर घर तिनंच धुतलं होतं.

"चुंबळी हुत्या की मदी," सारजाबाई म्हणाली. "पेंढ्याच्या, वर चिंध्या गुंडाळलेल्या. सुतक फिटलं तवा मडकी टाकली, तशा त्याबी टाकल्या. घरातलं जुनं फडकं ठेवायचं नसतं न्हवं?"

"चुंबळी? भांड्यात?"

"तुमाला ठावं न्हाई? लगीन झाल्यापास्नं. तुमी नांगरून येऊन पडायचा, आन ही पहाटं भांडी काढायला लागली की तुमी दचकून उठायचा. मंग तिनं परत्येक भांड्याला बेतानं चुंबळ केली. दरसाल नव्या भाताचा पेंढा घ्यायची."

बहिरू खाली बसला. गुडघा वाकत नव्हता, म्हणून पाय पसरून बसला. साऱ्या गावात त्यानं फुशारकी मारली होती, कानाशी ढोल वाजला तरी आपण उठत नाही. तुळजा तेव्हा शेजारी उभी राहून हसायची. चुंबळींचं एकदाही बोलली नव्हती.

"लई हुशार हुती," तो म्हणाला. एवढंच.

सायकल त्यानं त्याच मेढीला ठेवली. पेंढा भिजवला आणि चुंबळी वळायला घेतल्या. पहिली जाड झाली, घागर कलली. दुसरी सुटली. तुळजाचा हात कसा चालत असेल, याचा त्याला अंदाजच लागेना. हंड्याला रुंद, तपेल्याला अरुंद, तांब्याला बोटाएवढी. पेंढ्यावर गुंडाळायला तिच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडताना मात्र तो थोडा थांबला. मग त्यानं फाडला. तिनंही तेच केलं असतं.

उतरंड उभी राहिली, जरा वाकडी. तो पायडल मारायला बसला. फक्त चेनची बारीक कुरकुर आणि पत्र्यावर पाऊस. त्या दिवसापासून तो मध्ये उतरला नाही.

लावणीला वाल्मीक रजा काढून आला तेव्हा बहिरू वाफ्यात उकिडवा बसून रोपं उपटत होता. दात आवळलेले, पण बसलेला. सारजाबाईकडून चुंबळींचं कळलेली धोंडाबाई बांधावरून ओरडली, "दाजी, झोप लागतीया का आता?"

"लागती की," बहिरू म्हणाला, आणि उपटलेली जुडी पाण्यात झटकून वाल्मीककडे फेकली.