डावीकडचा खळगा

माझ्या दुकानात आलेली खुर्ची जशी आली तशी परत जात नाही, असा माझा माज होता. आता माज म्हणते, तेव्हा शिस्त म्हणायचे. जुन्या खुर्च्या आणि सोफे उघडायचे, आतला कुजका काथ्या उपसायचा, स्प्रिंगा सुतळीने नव्याने आवळायच्या, वर कापड ताणून खिळे मारायचे, हे काम मला वडिलांनी शिकवलं. अकरा वर्षांच्या संसारानंतर नवरा "तुझ्यासोबत घरात बसवत नाही" एवढंच सांगून निघून गेला. तेव्हापासून तर काही सैल, खचलेलं दिसलं की माझे हात शिवशिवायचे. गिऱ्हाइकांशी मी फारशी गोड बोलत नसे, पण काम चोख असल्यामुळे ती ऐकून घेत.

गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आले ते खुर्ची स्वतः उराशी धरून. मागे त्यांची सात वर्षांची मुलगी. एवढीशी होती, सगळे तिला मुंगी म्हणत. खुर्ची खाली ठेवून ते म्हणाले, "फक्त वरचं कापड बदला. आत हात लावू नका."

का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. असं सांगणारी गिऱ्हाइकं मला नवी नव्हती. आत काय बिघडलंय ते त्यांना दिसत नाही, मला दिसतं, मग ऐकायचं कोणी कोणाचं? त्यात हा माणूस मला आवडला होता, तेही सांगून टाकते. माझ्या प्रत्येक हत्याराचं नाव विचारून घेतलं आणि जाताना ती सगळी नावं ओळीने म्हणून दाखवली. मुंगी हसली, मीही हसले. वाटलं, काम असं करून द्यावं की यांनी तोंडात बोट घालावं.

कापड उचकटलं तर डावीकडची बाजू पार खचलेली. तीन स्प्रिंगा वाकड्या, काथ्याचा भुगा झालेला. मी सगळं काढून टाकलं, नवं भरलं, गादी ठोकून सपाट केली. जुनं भरण सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत गेलं.

खुर्ची नेल्यावर दोनच दिवसांनी बापलेक पुन्हा दारात.

"आत काही केलंत का?" ग्रंथपालांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. मग अडखळत सांगितलं, की त्यांची बायको वर्षभर आजारी होती. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून त्याच खुर्चीत डावीकडे कलून बसून असायची. गेली तीही त्यातच. तिथे तिच्या अंगाचा खळगा पडला होता. शाळेतून आलं की मुंगी त्या खळग्यात जाऊन बसायची.

"आता बसते आणि लगेच उठते," ते म्हणाले. "म्हणते, यात आई नाहीये."

मुंगी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, डॉक्टर काय सांगतात याची वाट बघावी तशी. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते जुनं भरण कचऱ्यात गेलंय हे त्या दोघांना कुठल्या तोंडाने सांगू?

"छे हो, आत कुठे हात लावलाय," मी म्हणाले. "नवं कापड ताठ असतं. बसत जा रोज, होईल पूर्वीसारखं."

"किती दिवसांनी?" मुंगीने विचारलं.

"बरेच दिवस लागतील."

तिने मान डोलावली. मोठ्या माणसाचा शब्द होता, तिने धरून ठेवला.

पुढे ग्रंथपाल येत राहिले. कधी वाचनालयाच्या मोडक्या खुर्च्या घेऊन, कधी उगाच. आम्ही दोघंही ठेच लागलेली माणसं, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. वर्षभराने लग्न केलं आणि मी दोन ट्रंका आणि हत्यारांची पेटी घेऊन त्या घरात राहायला गेले. मुंगी मला मावशी म्हणू लागली. वेणी घालून घ्यायची, डब्यात काय हवं ते सांगायची, माझ्या चिडण्याच्या नकला करून बापाला हसवायची.

पण संध्याकाळी आम्ही दोघं सोफ्यावर असायचो आणि ती त्या खुर्चीत, डावीकडे कलून. वजन पडावं म्हणून दप्तरही मांडीवर घ्यायची. "ये गं इकडे," मी म्हणायचे. "थांब ना मावशी, गादी अजून बसली नाहीये," म्हणायची. मुंगीच्या वजनाने काय बसणार होतं? आणि काम तर मी असं पक्कं केलं होतं की हत्ती बसला तरी हललं नसतं.

सांगून टाकायचं मी रोज सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळी कच खायचे. मला कोणी घराबाहेर काढलं नसतं. पण ती माझ्याकडून वेणी घालून घेणार नाही, याची मला खरोखर भीती वाटायची. एका माणसाला मी आधीच नकोशी झाले होते.

मग मी दुसरी चूक केली. ती शाळेत आणि ग्रंथपाल कामावर असताना एका दुपारी खुर्ची उलटी केली आणि डावीकडच्या तीन स्प्रिंगांची सुतळी सैल केली. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम केलं. त्यानंतर रोज दुपारी दुकान बंद करून घरी यायचे आणि तासभर त्या खुर्चीत डावीकडे कलून बसायचे. आठ-नऊ महिने.

मुंगी दहा वर्षांची झाली त्या महिन्यात ती शाळेतून येऊन खुर्चीत बसली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, झाली! आईची जागा आली परत!"

ग्रंथपाल आतून धावत आले. हात फिरवून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटले.

"मावशी, तू बस ना. बघ कसं वाटतं."

मी बसले. खळगा मला सगळीकडून अगदी बरोबर बसला. मुंगी समोर उभी राहून बघत होती. बघता बघता तिचं हसू गेलं.

"बाबा, आई मावशीएवढी होती?"

"नाही गं. तुझी आई अगदी काटकुळी होती," ते म्हणाले, आणि त्यांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी उठले आणि सगळं सांगितलं. काथ्या, कचऱ्याची गाडी, सैल केलेली सुतळी, दुपारचं बसणं. एकही गोष्ट ठेवली नाही. ग्रंथपाल चष्मा काढून पुसत राहिले. "तीन वर्षं," एवढंच म्हणाले.

मुंगी रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचं डोकं आता माझ्या खांद्याला लागत होतं.

"तेव्हाच सांगायचंस ना, मावशी," ती म्हणाली. "थोडे दिवस चिडले असते मी. मग तुझ्या मांडीवर येऊन बसले असते. तेव्हा मावत होते."