सहा पायांचा बोकड

नाताळच्या त्या बोकडाच्या सोंगात मागचे दोन पाय माझे होते, पुढचे एम्ब्रिकचे. पुढच्याला शिंगं, दाढी आणि बोलायचा मान मिळतो. मागच्याने पुढच्याचा पट्टा धरून वाकून चालायचं असतं. एम्ब्रिक माझा मावसभाऊ आणि वयाने मोठा, त्यामुळे वाटणी आपोआप झाली.

नाताळ झाला की आमच्या वस्तीत असं सोंग घेऊन घरोघर जातात. नॉर्वे सोडताना लोकांनी चांगली भांडीकुंडी मागे ठेवली, पण हे मात्र मिनेसोटापर्यंत आणलं. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. घरच्यांनी बरोबर ओळखलं तर मुखवटा काढायचा. चुकले तर बिअर पिऊन, तोंड न दाखवता निघून जायचं.

त्या वर्षी शेजारच्या हेर्ब्रांडच्या घरी सोंग न्यावं की नाही, हा प्रश्न होता. पाणथळीवर पहिला बर्फ धरला तेव्हा त्याचा एक बैल कुंपणाबाहेर पडला, त्या पातळ बर्फावर चालत गेला आणि बर्फ फुटला. फाटकाचे आडवे दांडे कुणीतरी काढले होते आणि परत लावले नव्हते. आता उरला एक बैल, आणि एका बैलाने इथली कोरी जमीन फुटत नाही.

दांडे काढताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते कुणी काढले हे सगळ्यांनाच माहीत होतं. टॉलेफने. हा टॉलेफ एकदा विहिरीवर विसरलेली टोपी आणायला कंदील घेऊन गेला, टोपी घेऊन आला आणि कंदील तिथेच विसरला. दांडे मी काढले नाहीत, असं तो एकदाच म्हणाला. मग म्हणायचा थांबला. डुक्कर कापायच्या दिवशी त्याला कुणी बोलावलं नाही. चर्चमध्ये त्याच्या बाकावर ऐसपैस जागा असायची. ‘टॉलेफ आला, दार लावून घ्या’ हा विनोद माझा. तो फार चालला.

पण एम्ब्रिक म्हणाला, हेर्ब्रांडकडेच जायचं. दिवस मावळताना गेलो.

मला आतून फक्त जमीन आणि एम्ब्रिकचे बूट दिसत होते. एरवी बोकड गवत मागतो, घरधनिणीला लग्नाचं विचारतो. याने तसलं काही मागितलं नाही. मग श्वास आत ओढत म्हणाला, “फाटकाचे दांडे... मी काढले.”

हेर्ब्रांडची बायको गुरो हसली आणि मध्येच थांबली.

“खांद्यावर पिठाचं पोतं होतं. हात गारठले होते. म्हटलं, परत येऊन लावतो.” पुन्हा श्वास. “आलोच नाही.”

हे मला नवीन होतं. मी पट्टा सोडला.

“टॉलेफ,” हेर्ब्रांड म्हणाला, “मला ठाऊकच होतं रे. बैल गेला तो गेला. गुरो, बिअर दे त्याला. माणूस स्वतःहून आला, हे काय कमी आहे?”

ओळख चुकली होती, म्हणजे नियमाने बोकड सुटला होता. माझा पेला शेपटीखालून आत आला. बूट मात्र हलेनात. मग शिंगं माझ्यासमोर जमिनीवर पडली.

एम्ब्रिकने मुखवटा काढला होता. गुरो म्हणाली, “बैल ओढून काढायला तूच होतास की आमच्याबरोबर.”

“हो,” एम्ब्रिक म्हणाला. “दोरही माझाच होता.”

तो आता मार खाणार, असं वाटून मी कातड्याबाहेर डोकं काढलं. पण हेर्ब्रांड आपल्या हाताकडे बघत होता. “परवा चर्चच्या दारात टॉलेफने हात पुढे केला,” तो म्हणाला. “मी हातमोजा चढवला.”

“मग जा आता त्याच्याकडे,” गुरो म्हणाली.

“काय तोंड घेऊन जाऊ?”

गुरोने शिंगं उचलली आणि त्याच्या हातात दिली.

अशा रीतीने आमचा बोकड सहा पायांचा झाला. पुढे हेर्ब्रांड, मध्ये एम्ब्रिक, मागे मी. पुढची जागा मी मागितली नाही. वाटेत मधले पाय पुढच्या पायांना म्हणाले, माझ्या जोडीतला डावा बैल उद्या तुझ्या गोठ्यात आणून बांधतो. मग तू कशाने नांगरशील, असं पुढच्यांनी विचारलं. तीन बैलांत दोघांचं भागवू, मधले म्हणाले. पुढचे पाय म्हणाले, आधी हे होऊ दे.

टॉलेफने दार उघडलं. टेबलावर पेले पुसून मांडलेले होते. सगळे पालथे. त्या नाताळात त्याच्याकडे कुणीही आलं नव्हतं.

हेर्ब्रांडने बोलण्यासाठी श्वास आत ओढला.

टॉलेफने बुटांकडे पाहिलं. “हेर्ब्रांड,” तो म्हणाला. “मधला एम्ब्रिक. आणि मागे दार लावून घ्या म्हणणारा.”

तिन्ही बरोबर. आम्ही कातडं काढलं. एम्ब्रिकने सगळं सांगितलं, या वेळी सरळ श्वासात. हेर्ब्रांडने हातमोजा काढून हात पुढे केला.

टॉलेफने तो लगेच धरला नाही. “मी तिथून गेलो होतो की नव्हतो, हेच आठवत बसायचो,” तो म्हणाला. “हल्ली तर मला ते दांडे हातात दिसायचे. वाटायला लागलं होतं, मीच असेन.”

मग त्याने हात धरला आणि पेले सुलटे करायला वळला.

दार मात्र उघडंच राहिलं होतं. बर्फ आत येत होता. ‘दार लावून घ्या’ असं तिघांपैकी कुणी म्हटलं नाही. मी जाऊन ते लावलं.