होडीतली वल्ही

१९८४च्या सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजता, सीमारक्षकांच्या चौकीत चित्रकलेचा शिक्षक लिओंतिन बुदेस्कू याचा जबाब घेण्यात आला. प्रश्न एकच होता. चित्रातल्या होडीत वल्ही कशी आली?

चित्र ऑगस्टपासून जिल्ह्याच्या सभागृहात टांगलेले होते. मावळतीची निवांत डॅन्यूब, धक्क्याला साखळीने बांधलेली त्राइला नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची होडी, पलीकडे युगोस्लाव्हियाचा काठ. त्याला दुसरे बक्षीसही मिळाले होते. मग कुणी अधिकारी त्यासमोर रेंगाळला आणि त्याला होडीत आडवी ठेवलेली दोन वल्ही दिसली. बंदरातला नियम शेंबडे पोरही सांगेल : सूर्य मावळायच्या आत वल्ही चौकीत जमा, म्हणजे रात्री कुणी नदीपलीकडे पळायला नको. त्राइलाचा परवाना त्याच दिवशी काढून घेण्यात आला. वल्ही रात्री होडीतच असायची असे ठरले, तर म्हातारा तुरुंगात जाणार होता.

लिओंतिनने ती वल्ही मनानेच रंगवली होती. वल्ह्यांवाचून होडी शवपेटीसारखी दिसत होती, एवढेच. त्याने तसे सांगितले. कॅप्टन मोगाने त्याच्यापुढे वर्तमानपत्राचे कात्रण सरकवले. डोळ्यांसमोर असते तेवढेच मी रंगवतो, असे बक्षीस घेताना लिओंतिनच बोलून बसला होता.

"मग तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?" कॅप्टनने विचारले. "कॉम्रेड मास्तर, दोन्हींतलं एक निवडा. मला घाई नाही."

"तेव्हा," लिओंतिन म्हणाला.

कॅप्टनने तेही लिहून घेतले. मग फर्मावले की उद्या मावळतीला धक्क्यावर त्याच जागी बसून होडी पुन्हा काढायची, दिसेल तशी, आणि खाली सही करायची. तो कागद जबाबाला जोडला की त्राइला मोकळा.

बुधवारी त्राइला धक्क्यावर जाळे सांधत बसला होता. गावात म्हणतात, मास्तरांनी मला वल्ही बक्षीस दिली, असे त्याने ऐकवले.

"त्राइलाकाका, माझं चुकलं."

"पुढच्या खेपेला इंजिनच काढा, मास्तर. अडकायचंच तर ऐटीत अडकू."

लिओंतिनने खुंट काढला, साखळी काढली, होडीची कड काढली. ऊन तिरपे होऊन होडीच्या तळाशी पोचले. उन्हाळाभर त्याने ही होडी काढली होती, तिची फळी न् फळी त्याला पाठ होती. तळाच्या चारांपैकी दोन फळ्या नव्या होत्या. एका टोकाला रुंद, आणि दुसरीकडे निमुळत्या होत होत मुठीत मावतील एवढ्या.

पेन्सिल थांबली. मागे उभा असलेला कॅप्टन डोंगराकडचा होता, होडीत त्याने कधी पाय ठेवला नव्हता. काय झाले, असे त्याने विचारले. उजेड जातोय, लिओंतिन म्हणाला. त्राइलाने मान वर केली नाही, पण त्याच्या हातातली सुईही थांबली होती.

दिसल्या तशा काढल्या तर म्हातारा गेला. नाही काढल्या तर खाली सही आपली. लिओंतिनने चार फळ्या काढल्या, चारही सरळ, आणि सही केली. कॅप्टन कागद गुंडाळत असताना त्राइला जवळ येऊन डोकावला.

"हुबेहूब आलीय," तो हळूच म्हणाला.

गुरुवारी सकाळी खुंटाला साखळी होती, होडी नव्हती. त्राइलाच्या घराला कुलूप होते. पलीकडून काहीही कळवण्यात आलेले नाही. शुक्रवारी दुपारी बंदराच्या खालच्या अंगाला, लव्हाळ्यांत, नव्या लाकडाची एक फळी अडकलेली सापडली. एकच. ती कॅप्टनने चौकीत वल्ह्यांच्या ओळीत टांगली आहे. लिओंतिनला आज पाच वाजता बोलावले आहे, आणि येताना उन्हाळ्यात काढलेली होडीची सगळी कच्ची चित्रे घेऊन यायला सांगितले आहे.