नळाकडचा दिवा

बळवंतराव पुन्हा सिगरेट ओढायला लागले आहेत, याबद्दल मंदाकिनीच्या मनात दिवाळीपर्यंत काही शंका उरली नव्हती.

संध्याकाळी फिरायला निघायचे ते पुढच्या फाटकानं, आणि परत यायचे ते मागच्या गल्लीतून, परसातल्या लहान दारानं. आले तरी लगेच घरात यायचे नाहीत. अंधारात काहीतरी खुडबुड चालायची, नळ वाहिल्याचा आवाज यायचा, मग बऱ्याच वेळानं स्वारी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. अंगाला साबणाचा वास. बागेची हत्यारं ठेवायच्या पत्र्याच्या कपाटाला आताशा कुलूप असायचं, आणि किल्ली त्यांच्या खिशात. छातीत स्टेंट घातल्यावर त्यांनी थोरल्या भावासमोर, दत्ताजीरावांसमोर, सिगरेट सोडल्याचा शब्द दिला होता. त्यानंतर सहा महिन्यांत स्कूटरच्या डिकीत पाकीट सापडलंच होतं की. आता साबणानं हात-तोंड धुऊन यायची अक्कल आली आहे, एवढाच काय तो फरक, असं मंदाकिनी स्वतःशी म्हणायची.

विचारावं, तर ते म्हणायचे, "काही नाही गं, पाय धुतले." म्हणजे खोटंही बोलायला लागले होते.

मग एक दिवस तिनं चहा देता देता विषय काढला. "मागच्या अंगाला फार अंधार असतो हो. शेजारच्या ज्योत्स्नाबेनकडे परवा जनावर निघालं. आपण ते दिवे लावू या का, माणूस आलं की आपोआप लागतात ते?"

बळवंतरावांनी पेपर खाली ठेवला. ते रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होते. निवृत्त झाल्यापासून घरात कुणी त्यांना असलं काही विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा खुलला, की मंदाकिनीला क्षणभर कसंनुसं झालं. पण क्षणभरच.

दुसऱ्या दिवशी दोघं रावपुऱ्यातल्या दुकानात गेली. तिथं त्यांनी दुकानदाराला चांगलाच वेळ खिळवून ठेवलं. हा सेन्सर अंगातली उष्णता ओळखतो, तेव्हा समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो. दिवसा लागता कामा नये. पावसाचं पाणी आत शिरता कामा नये. आतच बसवलेली बॅटरी असली तर ती गेली की अख्खा दिवा गेला. त्यापेक्षा साधे सेल घालायचे बरे, कुठंही मिळतात. फार पांढरा उजेड नको. "हिला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळ्यांवर येतो," असं त्यांनी दुकानदाराला गुजरातीत सांगितलं. मंदाकिनी शेजारी उभी राहून पर्सची चेन उघडझाक करत होती.

तीन दिवे आणले. वायरिंग नाही, भिंतीला पट्टी चिकटवायची आणि त्यावर लोहचुंबकानं दिवा बसवायचा. एक पुढच्या पायऱ्यांवर, एक बेडरूमबाहेरच्या बोळात, आणि तिसरा स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर. तिथली पायरी उंच होती आणि तिचा गुडघा दुखायचा. त्यांनी खडूनं खुणा केल्या, तिला मुद्दाम इकडून तिकडून चालायला लावलं, तिच्या पायाशी उजेड नीट पडेपर्यंत दिव्याचं तोंड फिरवत राहिले.

"आणि नळाकडं?" तिनं विचारलं.

"नळाकडं कशाला? तिथं काय आहे?" ते चटकन म्हणाले. "तिकडं नको."

झालं. तिला हवा होता तो पुरावा मिळाला.

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, दत्ताजीराव आणि विमलवहिनी दर वर्षी नागरवाड्यातून दिवसभरासाठी यायचे. या खेपेला मंदाकिनीनं आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवलं, "भाऊजी, हे परत ओढायला लागलेत. माझं ऐकत नाहीत. तुमच्या डोळ्यांनी बघा आणि तुम्हीच काय ते बोला." आणि सकाळी, बळवंतराव जिलबी आणायला गेले असताना, तिनं स्वयंपाकघराच्या दारावरचा दिवा काढला, पट्टीसकट नेला आणि नळाच्या वरच्या भिंतीला लावला. स्टुलावर चढताना गुडघ्यातून कळ आली. पण कामगिरी फत्ते केल्यासारखं वाटत ती खाली उतरली.

दिवस नेहमीसारखा गेला. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या भरलेल्या, चारी बाजूंनी स्पीकर, पतंग कापला की "काप्यो छे"चा गलका, पिपाण्या. शेजारच्या गच्चीवरून किरीटभाईंनी तिळाची चिक्की पाठवली, इकडून उंधियु गेलं. बळवंतराव पतंग उडवत नव्हते, फिरकी धरून बसले होते. दुपारभर ते वरचेवर खाली जाऊन येत होते. मंदाकिनी प्रत्येक वेळी भाऊजींकडे बघायची आणि दत्ताजीराव मान हलवायचे.

ऊन उतरल्यावर बळवंतराव उठले. "मी जरा फिरून येतो."

"आज राहू द्या हो भावजी," विमलवहिनी म्हणाल्या. "रस्त्यावर मांजा असतो."

"डॉक्टरांनी एकही दिवस चुकवू नका म्हटलंय, वहिनी." आणि ते गेले.

अंधार पडला तरी गच्च्यांवरून कुणी उतरलं नव्हतं. फटाके सुरू झाले होते. परसातल्या लहान दाराची कडी वाजल्यासारखी वाटली, तशी मंदाकिनी म्हणाली, "भाऊजी, इकडे या, परसाच्या बाजूला." दत्ताजीराव कठड्याशी आले. त्यांच्यामागून विमलवहिनीही आल्या.

खाली दिवा लागला.

बळवंतराव नळाखाली उकिडवे बसले होते. अंगात शर्ट आणि आतली चड्डी. हातात त्यांचा फिरायला जायचा लेंगा होता, त्याला साबण लावून ते तो चोळत होते. कपाट उघडं होतं, त्यात दुसरा लेंगा घडी करून ठेवलेला दिसत होता. उजेड पडताच त्यांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग वर. नळ वाहतच होता.

मग ते तसेच, न हलता, बसून राहिले. मंदाकिनीला आधी उमगेना. मग उमगलं. हललं नाही तर दिवा थोड्या वेळानं आपोआप विझतो, हे त्यांनीच तिला समजावून सांगितलं होतं. ते दिवा विझायची वाट बघत होते. उजेडात त्यांच्या उघड्या मांड्या, त्यांवर निथळणारं पाणी, सगळं दिसत होतं. दिवा विझला. अंधारात ते कपाटातल्या लेंग्याकडे हात न्यायला उठले असावेत, कारण तो लगेच पुन्हा लागला.

"शुं थयुं, साहेब?" शेजारच्या गच्चीवरून किरीटभाईंनी हाक मारली. वाईट हेतू नव्हता. काही पडलं-झडलं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण त्या हाकेनं त्या गच्चीवरची सगळी माणसं कठड्याशी आली.

दत्ताजीरावांनी विमलवहिनींचा दंड धरून त्यांना मागं ओढलं आणि स्वतः पाठ फिरवली. मंदाकिनीकडे न बघता ते हळूच म्हणाले, "जा तू खाली."

ती जिना उतरली तेव्हा गुडघा दुखत होता की नाही, तिला आठवत नाही. खाली पोचली तेव्हा त्यांनी कोरडा लेंगा चढवला होता आणि ओला पिळत होते.

"तू हलवलास का दिवा?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"हो."

"का?"

"मला वाटलं, तुम्ही सिगरेट…"

त्यांनी लेंगा झटकून दोरीवर टाकला. "येताना धरवत नाही गं," ते म्हणाले. "कोपऱ्यावरच्या बँकेपर्यंत येतो, तिथून पुढं नाही जमत. तुला काय सांगायचं ते."

तिनं त्यांच्या हाताला हात लावून पाहिला. त्यांनी आपला हात ओढून घेतला नाही, पण तिचा धरलाही नाही.

रात्री जेवायला चौघं बसली. अखेर दत्ताजीरावांनीच, काहीतरी बोलायला हवं म्हणून, विचारलं, "तो दिवा तिथं कुणी लावला?"

मंदाकिनीच्या हातातला घास हातातच राहिला.

"मीच," बळवंतराव म्हणाले. "हिला अंधारात भांडी विसळायला जावं लागतं. आणि लावलेलं मीच विसरलो, बघा." एवढं बोलून ते हसलेसुद्धा. विमलवहिनी कौतुकानं म्हणाल्या, "भावजी काळजी घेतात हो तुझी." मंदाकिनी मान खाली घालून वरण वाढत राहिली. तिला वाटलं, त्यांनी चौघांत तिला फाडफाड बोलून घेतलं असतं, तर हे अन्न तरी घशाखाली उतरलं असतं.

तीन-चार दिवस ती काहीच करू शकली नाही. बळवंतराव फिरायला जाईनात. ज्योत्स्नाबेननी कुंपणापलीकडून "साहेबनी तबियत केम छे?" असं विचारलं, तर ती "सारी छे" म्हणून आत पळाली. आपण एवढे महिने नवऱ्याचे शर्ट हुंगत होतो, आणि तो बिचारा अंधारात थंड पाण्यानं कपडे धूत होता, हे मनातून जाईना. शेवटी तिनं दत्ताजीरावांना फोन लावला. बळवंतराव पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं. तिनं आवाज लहान केला नाही.

"भाऊजी, तो दिवा यांनी नाही, मी लावला होता. तुम्हाला दाखवायला."

दत्ताजीरावांनी विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"हं," दत्ताजीराव म्हणाले. आणि मग, "उद्या सकाळी येतो मी."

फोन ठेवून ती वळली. बळवंतराव दारात उभे होते. "कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. "मिटलं होतं ना."

"माझ्यापुरतं नव्हतं मिटलं."

दत्ताजीराव आले ते रिक्षा थांबवूनच. चहासुद्धा घेतला नाही. धाकट्या भावाला म्हणाले, "सयाजीगंजात माझा डॉक्टर आहे, चल." बळवंतराव नको-नको करू लागले, तेव्हा त्यांनी रागावून सांगितलं, "अरे, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं ना? ते हर्नियाचं नव्हतं. हेच होतं. विमल सोडून कुणाला सांगितलं नाही मी. मोठा म्हणवतो, आणि तुला एका शब्दानं बोललो नाही. चल आता."

मंदाकिनीही बरोबर गेली. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून होतंय हे? बळवंतराव म्हणाले, "श्रावणापासून असेल." ती खुर्चीच्या कडेवर बसून पायाशी बघत राहिली. श्रावणातच तिनं त्यांच्याशी धड बोलणं सोडलं होतं.

गोळ्यांनी फरक पडला. प्रोस्टेटचं ऑपरेशन टळलं, निदान तूर्तास. होळीच्या सुमारास ते पुन्हा फिरायला जाऊ लागले. किरीटभाईंनी एकदा त्यांना सोबत केली, मग ती रोजचीच झाली. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी कधी काढला नाही. बळवंतरावांनीही घरात काढला नाही. ते तिच्याशी पूर्वीसारखेच वागतात, भाजी निवडून देतात, तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालतात.

फक्त आता ते परत येतात ते पुढच्या फाटकानं. आणि फाटकाची कडी काढायच्या आधी, बाहेरूनच मोठ्यानं हाक देतात, "आलो गं." लग्नाला इतकी वर्षं झाली, अशी हाक त्यांनी पूर्वी कधी दिली नव्हती. त्यांच्या मनात काही नसेलही. पण ती ऐकली की मंदाकिनी हातातलं काम टाकून दाराशी जाते, आणि दार उघडताना तिला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.