तपासलेलं प्रूफ

रामहरीच्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला तुरीच्या डाळीएवढा काळा डाग होता. छापखान्यात वीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवताना शाई कातडीत मुरलेली. कोणत्या डागाला कोणतं द्रावण लागतं, हे सृष्टीला पाठ होतं. संगमनेरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती. या डागाला मात्र तिने कधी हात लावला नव्हता.

कॉलेजच्या कुंपणाला लागून, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या टपरीआड, तिचा बाप, रामहरी, सात वर्षं राहत होता. छापखाना बंद झाला आणि दारू सुरू झाली. एके सकाळी आईवर उगारलेला स्वतःचाच हात त्याने पाहिला आणि घरातून निघाला. पुढे दारू सुटली, पण तो परतला नाही. दुपारच्या सुट्टीत सृष्टी डबा आणायची. मुलांना वाटायचं, मॅडम भिकाऱ्याला जेवू घालतात. ती त्यांना तसं वाटू द्यायची.

"आमटीत मीठ न्हाई," रामहरी म्हणाला. "एवढी केमिस्ट्री शिकली, आन् मीठ कळंना."

"उद्या दोन चमचे घालते, अण्णा. मग ओरडू नका."

तो हसला, पाण्याची बाटली काढायला तिच्या पिशवीत हात घातला, आणि हाताला घडी घातलेला कागद लागला.

"प्रूफ हाय व्हय?"

सकाळच्या घाईत काकांनी दिलेलं लग्नपत्रिकेचं प्रूफ तिने डब्याच्याच पिशवीत टाकलं होतं. "काही नाही ते. द्या इकडं."

पण त्याने हात धोतराला पुसून तिच्या अॅप्रनच्या खिशातलं पेन घेतलं होतं. प्रूफ तो नेहमी असाच तपासायचा. ओळीखाली बोट धरायचं, ओठ हलवत एकेक शब्द वाचायचा, ओळ बरोबर असली की शेवटी बारीक खूण करायची. पुणतांब्याच्या अजिनाथचं नाव. खूण. त्याच्या आईवडिलांची नावं. खूण. मग सृष्टीचं नाव, आणि त्याखाली, 'कै. रामहरी यांची कन्या'.

सहा महिन्यांपूर्वी स्थळ आलं, तेव्हा आसारामकाकांनीच परस्पर सांगितलं होतं, मुलीचे वडील वारले. लग्न ठरल्याचं तिने अण्णांना सांगितलं होतं, हे मात्र नाही. सृष्टी ठरवत राहिली, सुपारी फुटली की अजिनाथला सांगू. मग साखरपुडा झाल्यावर. मग बस्ता झाल्यावर.

बोट त्या ओळीवर थांबलं. ओठ हलले. रामहरीने ओळीच्या शेवटी खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेला.

"वार चुकलाय," तो म्हणाला. "अकरा मे रविवारी येतंय. ह्यांनी शनिवार टाकलाय. वऱ्हाड आदल्या दिशीच येऊन बसंल ना!" त्याने वार खोडून समासात नीट लिहिला.

"अण्णा, ती वरची ओळ..."

"वाचली की. बाकी समदं बराबर हाय." कागदाची घडी त्याने पहिल्यासारखीच घातली. "हार घालायला फोटू लागंल, तर छापखान्यातला घ्या. दाढी केल्याली हाय त्यात."

आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

फोन वाजला. आसारामकाका होते. "सृष्टे, वाचलं का गं? छापणारा खोळंबलाय."

"वार चुकलाय, काका."

"मंग वार नीट कर आन् दे की धाडून! त्यात इचार कसला?"

तिने फोन ठेवला. समोर रामहरी मान खाली घालून जेवत होता. आमटी अळणीच होती, तरी त्याने पुन्हा काही म्हटलं नाही. सृष्टीने अजिनाथचा नंबर लावला.

"बोल गं," तो म्हणाला. "आई विचारत होती, पत्रिका कधी येणार?"

"अजिनाथ, आमच्या घरून तुम्हाला खोटं सांगितलंय, आणि मीही गप्प राहिले." ती रामहरीलाही ऐकू जाईल असं म्हणाली, "माझे वडील जिवंत आहेत. रस्त्यावर राहतात. आत्ता माझ्यासमोर जेवतायत."