हिरामणचा टिळा

दिपेशची नवी गाडी खांदेश्वरच्या गावठाणात पहिल्यांदा आली तेव्हा हिरामणने तिचं तोंडभरून कौतुक केलं, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. त्याच्या बायकोने, सुमित्राबाईने विचारलं, "पोटात दुखतंय काय?" तो "नाय" म्हणाला. दुखत पोटातच होतं, पण ओवा खाऊन जाणारं दुखणं नव्हतं ते.

दिपेश म्हणजे मैनाचा भाऊ, आणि मैना म्हणजे हिरामणच्या धाकट्या भावाची, गंगारामची बायको. गंगाराम जाऊन सतरा वर्षं झाली. मागे राहिली मैना आणि सात वर्षांची रुतिका. हिरामण-सुमित्राबाईंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे रुतिका घरात तिघांची लेक म्हणून वाढली. हिरामणने तिला शाळेत सोडलं, क्लासला सोडलं, कॉलेजात सोडलं, नोकरीच्या मुलाखतीला सोडलं आणि तिथे गेटाबाहेर अडीच तास उन्हात उभा राहिला. मामा यायचा वर्षातून चार वेळा. कळंबोलीच्या यार्डात त्याचे चार ट्रेलर फिरत होते. येताना तो मिठाई आणायचा, मोठ्याने हसायचा, आणि रुतिका "मामा आला" म्हणून चपला न घालता बाहेर धावायची. काका घरी आला म्हणून कधी कुणी धावलं नव्हतं. काका रोजचाच. पिकतं तिथे विकत नाही, हे हिरामणला माहीत होतं, पण माहीत असल्याने जळायचं कमी होत नाही.

रुतिकाचं लग्न मोरा गावच्या अंकुरशी ठरलं. मुहूर्त दुपारी बारा बत्तीसचा, लग्न नवऱ्याच्या दारात. आठ दिवस आधी, चहा पिताना, रुतिका सहज बोलून गेली, "काका, मी मामाच्या गाडीतून जानार हां."

हिरामणने कप खाली ठेवला. आळीतल्या अकरा मुली सासरी गेल्या होत्या त्या त्याच्या पांढऱ्या गाडीतून. बारा वर्षांची गाडी, पण एकदाही रस्त्यात थांबलेली नाही. बारावी मुलगी घरचीच, आणि ती निघाली मामाच्या सनरूफमधून.

"जा की," तो म्हणाला. "नवी हाय, एसी चांगला."

"तसं नाय हो," रुतिका म्हणाली, आणि पुढे काहीतरी सांगणार होती, पण तो उठून गेला होता.

आता हिरामणची गावातली पत काय होती ते सांगायला हवं. तो बस डेपोत तीस वर्षं फिटर होता. निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी त्याच्या पडवीसमोर गाड्या लागायच्या. फुकट काम, पण डॉक्टरसारखा मान. लग्न निघालं की वऱ्हाडाच्या साऱ्या गाड्या गावदेवीच्या मैदानात रांगेने उभ्या राहायच्या, बॉनेट उघडी. हिरामण धुतलेला शर्ट घालून एकेक बघायचा. इंजिन थंड असताना तेलाची पट्टी काढायची, पुसायची, परत बुडवून बघायची. मग कूलंटची बाटली, ब्रेक ऑइलची बाटली, बॅटरीची टोकं, वायपर, मागे माणूस उभा करून ब्रेकचे दिवे, आणि शेवटी स्टेपनीसकट पाच चाकांची हवा. गाडी पास झाली की बॉनेटवर हळदीकुंकवाचा टिळा. टिळा नाही ती गाडी वऱ्हाडात नाही. खूप वर्षांपूर्वी एका लग्नात नवऱ्याची गाडी कर्नाळ्याच्या चढाला उकळली आणि नवरदेव कोंबड्यांच्या टेम्पोतून मांडवात उतरला, तेव्हापासून गावाने हा नियम पाळला. गाडी कुणाची का असेना, हिरामणने नाही म्हटलं की मालक मुकाट्याने चावी खिशात टाकायचा.

लग्नाच्या सकाळी मैदानात नऊ गाड्या आणि एक बस लागली. हिरामणने दिपेशची गाडी मुद्दाम शेवटी ठेवली. दिपेश शेरवानी घालून आला होता आणि बॉनेट उघडून हात मागे बांधून उभा होता, शाळेच्या तपासणीला उभं राहावं तसा.

"बघा दादा. तुमचा टिळा नाय तर गाडीला शोभा नाय."

हिरामण बघू लागला. तेल बरोबर, सोनेरी. कूलंट दोन रेघांच्या मधोमध. बॅटरीच्या टोकांवर पांढरा कण नाही. त्याने चारही टायर हात फिरवून पाहिले, तांदळात खडा शोधावा तसे. एखादा खिळा, एखादी चीर, निदान हवा तरी कमी असावी. हवा चारही चाकांत तेहतीस. त्याला दोष हवा होता आणि गाडी दोष देत नव्हती. इतक्या वर्षांत त्याने कुठल्याही गाडीत बिघाड निघावा म्हणून देवाची प्रार्थना केली नव्हती. त्या सकाळी केली.

शेवटी तो ब्रेक ऑइलच्या बाटलीपाशी आला. तेल वरच्या रेघेला टेकलेलं होतं. पलीकडे घराच्या पायरीवर रुतिका हिरवा शालू नेसून आली आणि तिने हात हलवला. दिपेशनेही हलवला, हिरामणनेही. तो हात आपल्यासाठी नव्हता असं हिरामणला पक्कं वाटलं.

"ब्रेक ऑइल उतरलंय," तो म्हणाला.

दिपेश वाकला. "मला तर भरलेली दिसते."

"दिसते तशी नसते. आत कुठंतरी चाकाला ओल धरलीय. गलतंय. चालवायची तर चालव, पन नवरीला बसवायची का, ती तुझी मर्जी."

दिपेशने बाटलीकडे पाहिलं, मग हिरामणकडे. त्याच्या चेहऱ्यावर शंका अशी आली नाही. "तुमी बोलता म्हंजे हाय," तो म्हणाला. "बरं झालं आत्ता कललं."

हिरामणला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर त्याला गार वाटलं, आठ दिवसांत पहिल्यांदाच.

रुतिकाला कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. दिपेशने तिला बाजूला नेऊन कानात काहीतरी सांगितलं, तिने मान डोलावली, आणि तो गाडी हळूहळू हाकत कळंबोलीच्या दिशेने गेला. सुमित्राबाई बायकांबरोबर बसमध्ये चढली. रुतिका आणि मैना हिरामणच्या गाडीत मागे बसल्या. पुढची सीट रिकामी. हिरामणने आपल्याच गाडीला आपल्या हाताने टिळा लावला आणि गिअर टाकला. अकरा मुलींना पोचवताना नसेल फुगली इतकी त्याची छाती त्या दिवशी फुगली होती.

पंधरा मिनिटांनी गाडी हायवेला लागली. मग रुतिका म्हणाली, "काका, जरा हलू चालवा ना. मामा गव्हान फाट्याला गाठनार हाय आपल्याला."

"कशाला?"

"गाडी दाखवून येतो बोललाय. कलंबोलीला त्याचा मेकॅनिक हाय. मग आपन तिथे त्याच्या गाडीत बसायचं."

"एवढं काय लागून राह्यलंय त्या गाडीचं? ही काय बैलगाडी हाय?"

"गाडीचं कोन बोलतंय?" रुतिकाचा आवाज चढला, आणि लगेच उतरला. "तुमाला सांगितलं असतं तर तुमी नाय बोलला असता, म्हनून नाय सांगितलं. तुमची गाडी घेतली की तुमीच चालवनार. दुसऱ्याला हात लावू देनार नाय. मामाची घेतली तर मामा चालवेल. आई पुढे. तुमी मागं, माझ्या बाजूला."

हिरामणने गिअर बदलला.

"पहिलीपासून तुमीच सोडलंत मला सगलीकडे, आधी सायकलवर, मग गाडीत. पोरीने पुढे बसायचं नाय, हा पन नियम तुमचाच. तुमचं डोकं मागून कसं दिसतं ते मी झोपेत काढून दाखवीन. केस कुठून पांढरे व्हायला लागले ते पन माहीत हाय. आज एक तास बाजूला बसायचं होतं. पप्पा असते तर बसले असते ना? मग तुमी बसायचं. एवढंच होतं."

मैना हळूच म्हणाली, "मामाला पन तिनेच पटवलं, भावजी. तो बोलला, मी ड्रायव्हर तर ड्रायव्हर."

समोर कंटेनरचा लांबलचक ट्रेलर होता. हिरामणने विनाकारण ब्रेक दाबला. मांडव घालून, पंगत वाढून, ज्या पाटावर आपलं नाव होतं तोच पाट आपण लाथेने उडवला, हे त्याला कळलं. आणि एवढं कळूनही त्याला पहिल्यांदा आठवली ती बाटली, वरच्या रेघेपर्यंत भरलेली. मेकॅनिक ती बघेल, हसेल, आणि दिपेश येईल. येईल आणि सगळं सुरळीत होईल. कुणाला काही कळायचं कारण नाही. चुकतो कधी माणसाचा अंदाज. तो गव्हाण फाट्याच्या अलीकडे कडेला थांबला आणि म्हणाला, "बघू वाट त्याची."

वीस मिनिटांनी मैनाचा फोन वाजला. दोघींनाही ऐकू यावं म्हणून रुतिकाने आईच्या मांडीवरच्या फोनचा स्पीकर लावला. मागून गॅरेजमधली ठोकाठोक ऐकू येत होती.

"ताई, माझं काय खरं नाय," दिपेश म्हणाला. "ह्यो मेकॅनिक बोलतो, काय नाय गाडीला. मी त्याला झापला. बोललो, दादांनी बघितलंय, त्यांचा डोला चुकत नाय, तू चाकं उतरव. मागची दोन उतरवून झाली, सुकी ठनठनीत. आता पुढची दोन उघडायची तर अजून तास जातोय. तुमी निघा. मुहूर्ताला मी नाय पोचत बहुतेक."

"असं कसं मामा?" रुतिका म्हणाली. "मांडवात मला कोन नेनार? माझ्या मागं कोन उभा राहनार?"

"अगं, मला काय हौस हाय? दादा हायत काय तिकडे? दादा, तुमी कुठल्या चाकाला ओल बघितलीत? तेवढं एकच सांगा. तेवढंच उघडतो आनि सुटतो."

एक शब्द पुरला असता. पुढचं डावं म्हटलं असतं तर मेकॅनिकने ते उघडलं असतं, काही सापडलं नसतं, आणि दोष गाडीच्या नशिबावर गेला असता. अर्ध्या तासाचं काम. हिरामणच्या ओठांवर ते आलंही होतं. पण पलीकडे तो माणूस शेरवानी घालून, हातात चावी घेऊन, त्याच्या शब्दावर ठाम उभा होता. स्वतःच्या मेकॅनिकशी हिरामणसाठी भांडला होता. खुद्द हिरामणनेही स्वतःवर एवढा विश्वास टाकला नसता.

"कुठल्याच नाय," तो म्हणाला.

"काय? आवाज येत नाय, दादा."

"कुठल्याच चाकाला ओल नव्हती. ऑइल भरलेलं हाय. गाडी तुझी चोख हाय, दिपेश. मी खोटं बोललो."

ठोकाठोक चालूच होती. दिपेशने ती थांबवायला सांगितली.

"का?" त्याने विचारलं.

"ती तुझ्या गाडीत बसनार होती म्हनून."

मग दिपेश म्हणाला, "बरं. गाडी राहू दे इथेच. ह्याची मोटरसायकल घेऊन येतो मी. रुती, टेन्शन नको घेऊ, मामा पोचतोय." आणि फोन बंद झाला. शिवी नाही, टोमणा नाही. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर हिरामणवर उपकार झाले असते.

त्याने चावी फिरवली. गाडी चालू झाली, पण त्याने क्लच फार लवकर सोडला आणि गाडी दोन हिसके देऊन बंद पडली. त्याने परत चालू केली, परत बंद पडली. शेजारून ट्रेलर धडधडत जात होते.

मागचा दरवाजा उघडला. शालूचा घोळ एका हातात धरून रुतिका खाली उतरली आणि त्याच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मुंडावळ्या वाऱ्याने तिच्या गालावर आपटत होत्या.

"उतरा," ती म्हणाली.

"अगं, नवरीने..."

"उतरा, काका. मागं बसा."

लायसन्स तिने दोन वर्षांपूर्वीच काढलं होतं. हिरामणने स्वतःच्या गाडीची चावी मात्र तिला एकदाही दिली नव्हती. तो उतरला. मैना उठून पुढच्या सीटवर गेली आणि तिने दरवाजा लावून घेतला. भावजयीने इतक्या वर्षांत त्याच्याकडे पाठ करून बसायची ही पहिलीच वेळ.

रुतिकाने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला फिरवून घेतला, बांगड्या मागे सारल्या आणि पुढे-मागे बघून गाडी रस्त्यावर आणली. एकही हिसका बसला नाही. हिरामण मागे एकटा बसला होता. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती.

"रुतिका," तो म्हणाला.

"पट्टा लावा."

त्याने पट्टा लावला. समोर तिचा अंबाडा होता, त्यावर अबोलीचा गजरा, आणि मानेवर मुंडावळ्यांची गाठ, एका बाजूला जराशी सैल झालेली. ती रडत होती, की रागात होती, की रस्त्याकडे नुसती बघत होती, हे त्याला तिथून दिसत नव्हतं. आरशातही ती सापडेना. मोरा यायला अजून अर्धा तास होता.